जुन्या रंगाचे पोपडे आणि आपली मुले



शाबानचा महिना लागला की आपल्या मोहल्ल्यांत रंगाऱ्यांना उसंत नसते. रमजानच्या आत घर साफ व्हावे, ईदला येणाऱ्या पाहुण्यांना दारे-खिडक्या नव्या दिसाव्यात, असे प्रत्येक घराला वाटते. घरात लग्न असेल तर विचारूच नका. गाद्या गॅलरीत जातात, भांडी पोत्यात बांधली जातात. रंगारी पत्र्याच्या पट्टीने दरवाजा खरवडतो, मग त्यावर पॉलिशपेपर फिरवतो. दिवसभर घरात पांढरट-हिरवट धूळ उडत असते. संध्याकाळी आपण झाडूने ती लोटून जिन्यात ढकलतो आणि त्याच फरशीवर चटई टाकून मुलांना जेवायला वाढतो.

या वेळी मला त्या धुळीबद्दल लिहायचे आहे. जुन्या घराच्या दाराखिडक्यांना लावलेल्या तेलरंगात बहुतेक वेळा शिसे असते, आणि शिसे हे लहान मुलाच्या मेंदूसाठी विष आहे. ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते. डोंगरी, नागपाडा, मदनपुऱ्यातल्या चाळी असोत की भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, पुण्यातले जुने वाडे आणि घरे, हा प्रश्न सगळ्यांचा आहे.

रंगात शिसे आले कसे?

कोणी लबाडीने मिसळले म्हणून ते आले नाही. शिशामुळे रंग लवकर वाळतो, चकाकी टिकते, पावसापाण्यात तो तग धरतो आणि लोखंडाला गंज चढत नाही. जुन्या रंगाऱ्यांचा सफेदा म्हणजे मुळात शिशाची पांढरी भुकटी. गजांना आणि लोखंडी जिन्याला आधी जो शेंदरी हात दिला जाई, तोही शिशाचाच प्रकार. पिवळ्या आणि नारिंगी रंगाला जो गडदपणा येतो तो पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटमुळे. हाच पिवळा निळ्यात मिसळून हिरवा बनवत, म्हणून जुन्या हिरव्या रंगातही शिसे सापडते. आपल्या जुन्या घरांत दारे, खिडक्या आणि गॅलरीचे कठडे हिरव्या रंगाचे किती असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

चुन्याची सफेदी हा शिशाचा रंग नव्हे. भिंतीवरच्या साध्या डिस्टेंपरचीही फारशी भीती नाही. संशय धरायचा तो ऑइलपेंटवर. दार, चौकट, खिडकीची झडप, लोखंडी ग्रील, जिन्याचा कठडा, कपाट, पाळणा, आणि भिंतीच्या खालच्या भागाला डाग पडू नयेत म्हणून दिलेला तेलरंगाचा पट्टा, या जागा डोळ्यांखालून घाला. हा पट्टा नेमका रांगत्या मुलाच्या उंचीवर असतो.

रंग शाबूत आहे, घट्ट चिकटलेला आहे, तोवर तो गप्प बसतो. ओल लागली, ऊन लागले, लाकूड फुगले की त्याचे पोपडे सुटतात. खिडकी रोज उघडझाप करताना झडप चौकटीवर घासते आणि पिठासारखी बारीक धूळ खाली कट्ट्यावर पडते. ती दिसतही नाही. पोपडा तोंडात घालणारे मूल एखादेच असते. पण रांगणारे प्रत्येक मूल फरशीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिशाची विषबाधा बहुतेक मुलांना अशीच, रोज थोडीथोडी होते. त्यात शिशाच्या काही रंगांची चव गोडसर असते, म्हणून ज्या मुलाला माती खायची सवय आहे ते पोपडेही आवडीने खाते.

शरीरात गेल्यावर

पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषून घेते, त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून ते हाडांत आणि दातांत जाऊन बसते, आणि वर्षानुवर्षे तिथे राहते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघते, त्याच्यासोबत जुने शिसेही रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आजीच्या घराचा रंग नातवापर्यंत जातो तो असा.

लोह आणि कॅल्शियम कमी असलेले मूल जास्त शिसे शोषते, आणि शिसे पुन्हा रक्त बनण्याच्या कामात अडथळा आणते. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले. म्हणजे आपली मुले या विषाला आधीच दार उघडून बसलेली आहेत.

सगळ्यात मोठी अडचण ही की याचे ठळक लक्षण नसते. प्रमाण खूप वाढले तर पोटदुखी, उलट्या, बद्धकोष्ठ, फिट्स येतात. पण कमी प्रमाणात मूल फक्त चिडचिडे होते, त्याचे लक्ष टिकत नाही, अभ्यासात मागे पडते, बोलायला उशीर लागतो. आपण म्हणतो, मस्तीखोर आहे. मदरशातले उस्ताद म्हणतात, सबक लक्षात ठेवत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, घरी लक्ष देत जा. मूल मार खाते, आणि दोष खिडकीच्या रंगाचा असतो.

१९७९ साली अमेरिकेत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्या मुलांच्या दातांत शिसे जास्त होते, त्यांची बुद्धिमत्तेची चाचणी कमी भरली आणि वर्गातले लक्षही कमी आढळले. ही मुले आजारी नव्हती. रोज शाळेत येणारी, दिसायला धडधाकट अशी मुले होती.

म्हणूनच जेव्हा घरातली वडील माणसे म्हणतात, "आम्ही याच घरात वाढलो, आम्हाला काय झाले?", तेव्हा त्यांना आदराने एवढेच सांगावे की काय झाले ते कळण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. ज्या मुलाला सत्तर टक्के मिळाले त्याला शिसे नसते तर पंच्याहत्तर मिळाले असते का, हे एका घरात बसून कोणाला कळणार? ते हजारो मुले तपासल्यावरच कळते. आणि ते कळून आता बरीच वर्षे झाली आहेत.

शंभर वर्षांपूर्वीचे कठडे

खरे तर शंभर वर्षांपेक्षाही जास्त. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात लाकडी घरांना रुंद व्हरांडे असत आणि मुले दिवसभर तिथेच खेळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या डॉक्टरांना शिशाची विषबाधा झालेली मुले वारंवार दिसू लागली. आधी संशय पाण्याच्या टाक्यांवर गेला. १९०४ मध्ये डॉ. जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी ठामपणे लिहिले की दोष घरांच्या रंगाचा आहे. उन्हाने व्हरांड्याच्या कठड्यांवरचा रंग भुकटी होऊन सुटतो, मुलांच्या हाताला लागतो, आणि नखे खाणाऱ्या, बोटे चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जातो. क्वीन्सलँड राज्यात १९२२ मध्ये मुलांचा हात पोहोचेल अशा जागी शिशाचा रंग लावण्यावर कायद्याने बंदी आली.

आपल्या चाळीची गॅलरी आणि तिचा कठडा डोळ्यांपुढे आणा. तेच ऊन, तीच बोटे.

अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर देशभर बंदी यायला १९७८ उजाडले. तिथे त्यापूर्वीच्या जुन्या घरांत दुरुस्ती किंवा रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराला २०१० पासून खास प्रशिक्षण आणि परवाना घ्यावा लागतो. कारण अनुभवाने एक गोष्ट लक्षात आली. जुना रंग नुसता असण्यापेक्षा तो चुकीच्या पद्धतीने काढण्यात जास्त धोका असतो.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, म्हणजे एका किलो रंगात ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि तसे डब्यावर छापलेले असावे, असा हा नियम आहे. त्याआधीची मर्यादा कंपन्यांनी मनावर घेतली तरच पाळायची होती. याचा सरळ अर्थ असा की २०१७ च्या आधी ऑइलपेंट लागलेले कोणतेही घर संशयाच्या यादीत येते, मग ते शंभर वर्षांचे असो की पंचवीस वर्षांचे. फक्त जुन्या घरात थरावर थर चढलेले असतात. वरचा हात गेल्या वर्षीचा असेल, पण खालचे पाच हात कोणत्या काळातले आहेत ते पट्टी चालवल्यावरच उघडे पडतात.

अशी घरे किती आहेत याचा अंदाज घ्यायचा तर एक आकडा पुरेसा आहे. १९६९ साली मुंबई बेटावरच्या ज्या जुन्या इमारतींना दुरुस्तीसाठी उपकर लागू झाला, त्या १९,६४२ होत्या, आणि त्यांतल्या १६ हजारांहून जास्त १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेल्या होत्या. त्यांतल्या काही पडल्या, काहींचा पुनर्विकास झाला. पण हजारो इमारतींत आजही दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात आणि त्यांत एखादे रांगते मूल असतेच.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. १९९७ मध्ये मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले होते. पेट्रोल बदलल्यावर २००२-०३ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा हे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आले. एक वाट बंद केली तर एवढा फरक पडतो. पण तेहतीस टक्के उरलेच, आणि रंग ही उरलेल्या वाटांपैकी एक आहे. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने अंदाज मांडला की जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे, आणि त्यांतली २७ कोटींहून जास्त मुले एकट्या भारतातली आहेत.

घर रंगवताना

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट, जो रंग घट्ट आहे त्याला उगाच खरवडू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या आणि त्यावर नवा हात द्या. जुना रंग आत बंद झाला की त्याचा त्रास थांबतो. खराब दारावर वरून पातळ प्लाय ठोकून घेतला तरी काम भागते. पोपडे सुटलेले असतील तिथेच पट्टी चालवा, आणि तीही ओली करून.

काम सुरू होण्याआधी लहान मुले आणि गरोदर सून-मुलगी यांना नानीकडे, खालाकडे पाठवा. शेजारच्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरी. सफाई पूर्ण झाल्याशिवाय परत आणू नका. भांडी, धान्य, गाद्या, खेळणी, कपडे बाहेर काढा किंवा प्लास्टिकने झाका. फरशीवर जाड प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बसवा. पंखा बंद ठेवा.

मग रंगाऱ्याशी बोला. हे बोलणे कसे होते तेही मला ठाऊक आहे.

"चाचा, सुके घासू नका. आधी पाणी मारा आणि वॉटरपेपर वापरा."

"भाभी, त्यात वेळ जातो. दोन दिवसांचे काम तीन दिवसांवर जाईल."

"जाऊ द्या. तिसऱ्या दिवसाची मजुरी मी देते. तुमच्या घरीही लहान मुले आहेत ना?"

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आपल्या घरात ही धूळ दोन दिवस उडते. रंगारी वर्षभर तीच धूळ खातो. केसांत, कपड्यांत घेऊन घरी जातो, आणि दारात धावत आलेल्या मुलाला त्याच कपड्यांनी उचलून घेतो. त्याला आपण चांगला मास्क देऊ शकतो, एन-९५ तरी द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. हातपाय धुवायला साबण आणि पाणी देऊ शकतो, कपडे बदलायला आडोसा देऊ शकतो. दिवसभराचे कपडे पिशवीत घालून न्यावेत, घरी वेगळे धुवावेत आणि आंघोळ करूनच मुलांना घ्यावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. काम करता करता विडी ओढणे, न धुतलेल्या हाताने वडापाव खाणे, हेही त्याच्यासाठी विषच. मजुरी ठरवताना घासाघीस करतो तशी या बाबतीत करू नका. ओल्या कामाला जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेचे दाम देणे हे आपले देणे आहे.

तीन गोष्टींना साफ नकार द्या. सुका पॉलिशपेपर, घासायचे इलेक्ट्रिक यंत्र, आणि रंग जाळून काढायचा ब्लो लॅम्प. पहिल्या दोहोंनी शिशाची धूळ होते, तिसऱ्याने धूर. बटणांच्या बोर्डाजवळ पाणी मारायचे असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

रोज काम थांबल्यावर पोपडे आणि चिखल ओलाच गोळा करून जाड पिशवीत बांधा. झाडू अजिबात नको. साबणाच्या पाण्यात फडके भिजवून फरशी, खिडकीचा कट्टा, कपाटाचे डोके पुसा, मग फडके आणि पाणी बदलून पुन्हा पुसा. ते पाणी संडासात ओता. मोरीत नको, तिथे आपण भांडी घासतो. कुंडीत नको, गॅलरीतून खाली तर मुळीच नको. खाली कोणाचे तरी मूल खेळत असते, आणि शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

नवा रंग घेताना डब्यावर शिसे ९० पीपीएमच्या आत असल्याचे छापले आहे ना, ते वाचून घ्या. सुटा रंग, नाव नसलेला डबा, दुकानदाराने मिसळून दिलेला स्वस्त ऑइलपेंट टाळा. नियम लागू झाल्यावरही छोट्या कंपन्यांच्या काही रंगांत मर्यादेपेक्षा जास्त शिसे सापडल्याचे दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेच्या तपासण्यांतून दिसले आहे. आणि हा नियम घरगुती रंगांपुरता आहे. कारखान्यातल्या यंत्रांसाठीचा रंग घरच्या ग्रीलला लावू नका, तो कितीही टिकाऊ असला तरी.

रंगवायला पैसे नसतील तर

सगळ्यांना दर वर्षी रंग परवडत नाही. पागडीच्या घरात मालक म्हणतो, आतले काम तुमचे. भाडेकरू म्हणतो, इमारत आज पडेल की उद्या, खर्च का करू? या ओढाताणीत पोपडे तसेच राहतात. अशा घरातही बरेच काही करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही.

मुलाची झोळी किंवा गादी खिडकीजवळून हलवा. सुटलेला पोपडा दिसला की ओल्या कागदाने उचलून फेका आणि त्या जागी तात्पुरता का होईना, जाड कागद चिकटवा. खिडकीचा कट्टा आणि फरशी सुकी झाडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा तरी ओल्या फडक्याने पुसा. मुलाचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी साबणाने धुवा. खेळणी धुवा. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत आहेच, ती मोडू नका. रस्त्यावरची आणि जिन्यातली धूळ तिथेच राहते.

मुलाला उपाशी ठेवू नका, रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. लोहासाठी खिमा, कलेजी, मसूर, पालेभाज्या. कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी, तीळ. आणि लोह अंगी लागावे म्हणून लिंबू, पेरू, आवळा. यात महाग असे फारसे काही नाही.

दोन गोष्टी आपल्या मोहल्ल्यांतल्या म्हणून मुद्दाम सांगते. इमारत पाडली की दारे, चौकटी, तुळया सरपण म्हणून स्वस्तात मिळतात, आणि लग्नाच्या दावतीत देगेखाली तेच लाकूड जळते. रंग लागलेले लाकूड कधीही जाळू नका. शिसे धुरात जाते, राखेत उरते, आणि त्या राखेने आपण भांडी घासतो. त्याचप्रमाणे जुन्या बाजारातून आणलेला सुंदर रंगीत पाळणा, घोडा, पलंग. मोठ्यांसाठी ठेवा, पण ज्याच्या कडा मूल चावणार अशी वस्तू जुन्या रंगाची नको.

रंगाच्या जोडीला सुरम्याचाही विचार करा. बाजारातल्या पुष्कळ काळ्या सुरम्यात शिशाचा दगड दळलेला असतो, वर काहीही लिहिलेले असो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुरमा-काजळाला याच कारणाने मान्यता दिलेली नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घातलेला सुरमा ते बाळ डोळे चोळून बोटांवरून तोंडात नेते. प्रयोगशाळेत तपासल्याचा दाखला नसेल तर बाळाला तो लावू नये, हेच बरे.

तपासणी कोणाची करावी?

घरात पोपडे सुटले आहेत, नुकतेच खरवडकाम झाले आहे आणि मूल सहा वर्षांच्या आतले आहे. मूल माती किंवा रंग खाते. लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नाही. किंवा घरातला कमावता माणूस रंगारी, बॅटरीकाम करणारा, भंगारवाला आहे. यांतले काहीही लागू असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "शिशाची रक्ततपासणी करायची का?" आपण विचारल्याशिवाय बहुतेक ठिकाणी ती लिहून दिली जात नाही. मोठ्या प्रयोगशाळांत ती होते. शिरेतून घेतलेले रक्त जास्त भरवशाचे, कारण बोटावरची धूळ नमुन्यात मिसळू शकते.

शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळले तर ते कुठून येते ते शोधून थांबवा, असे ती सांगते. अमेरिकेने हा आकडा २०२१ मध्ये ३.५ वर आणला. ४५ च्या वर गेले तर रुग्णालयात शिसे बाहेर काढणारी औषधे देतात. त्याखाली मुख्य उपचार एकच, शिसे येण्याची वाट बंद करणे. ती बंद झाली की रक्तातले प्रमाण हळूहळू उतरते. मात्र मेंदूचे झालेले नुकसान गोळीने भरून निघत नाही. म्हणून आकडा वाढण्याची वाट पाहत बसायचे नाही.

एकट्याचे काम नाही

जिन्याचा कठडा कोणा एकाचा नसतो. मजल्यावर एका घरात सुके घासकाम झाले तर धूळ सगळ्या दारांतून आत जाते. म्हणून इमारतीच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. दुरुस्तीला येणाऱ्या कंत्राटदाराला आधीच सांगा की काम ओले करायचे, मलबा गोण्यांत बांधून न्यायचा, आणि कधी सुरू होणार ते दोन दिवस आधी कळवायचे, म्हणजे खिडक्या बंद ठेवता येतील. मोहल्ल्यातली बालवाडी आणि मकतब बहुधा जुन्याच इमारतीत भरतात. तिथली दारे, बाक, ग्रील एकदा जवळून पाहा. ज्यांना ऐपत आहे त्यांनी अशा एका खोलीचे काम नीट पद्धतीने करून दिले तर तीस-चाळीस मुलांचा एकदम फायदा होतो.

या वर्षी रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक संध्याकाळ द्या. फरशीवर मुलाच्या उंचीला बसा आणि हात पोहोचेल तिथवरचा रंग पाहा. कुठे पोपडा आहे, कुठे खिडकीखाली भुकटी आहे, ते कागदावर लिहा. तीच तुमच्या कामाची यादी. घर चकाचक दोन दिवस उशिरा झाले तरी चालेल. ईदला पाहुणे येतील ते दार पाहायला नव्हे, तुम्हाला आणि तुमच्या मुलांना भेटायला येतील.